तयार संगणक घ्यावा की जुळवून घ्यावा?

दहावी-बारावीचे निकाल लागले की धाराशिव, तुळजापूर, उमरगा, परांडा इथल्या कितीतरी घरांत एकच विषय निघतो. मुलीला पॉलिटेक्निकला जायचे आहे, मुलाला टायपिंगची सरकारी परीक्षा द्यायची आहे. घरात संगणक हवा. अब्बांनी वर्षभर बाजूला ठेवलेले पैसे, अम्मीच्या भिशीचा नंबर, कधी आखातात कामाला गेलेल्या मामूंनी पाठवलेली रक्कम, असे करून चाळीस-पन्नास हजार रुपये जमतात. हे पैसे पुन्हा दोन-तीन वर्षे जमणार नाहीत, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असते. आणि मग दुकानदार विचारतो, "ब्रँडेड देऊ की असेंबल्ड?"

याचे उत्तर बहुतेक जण वेगावर किंवा किमतीवर देतात. त्यावर वाद घालणारे लोक साधारणपणे पुण्या-मुंबईचे असतात. तिथे कंपनीचे सर्व्हिस सेंटर रिक्षाने जाण्याच्या अंतरावर असते. आपल्या जिल्ह्यात पहिला प्रश्न वेगळा आहे : पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री वीज गेली-आली, सकाळी संगणक सुरूच झाला नाही, तर तो कोण दुरुस्त करणार आणि किती दिवसांत? शिवाय दुसरा प्रश्न आहे पैशाचा : एकरकमी नसतील तर व्याजाच्या वाटेला न जाता ते कसे उभे करायचे? या दोन प्रश्नांवरूनच मी जुळवलेल्या संगणकाच्या बाजूचा आहे. मात्र काही अटींवर.

आधी एक गैरसमज दूर करू. 'असेंबल्ड' म्हणजे नकली, हलका माल, असे आपल्याकडे अनेक वडीलधाऱ्यांना वाटते. वस्तुस्थिती अशी की ब्रँडेड संगणकही जुळवलेलाच असतो. १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला तोच मुळी इतर कंपन्यांचे तयार भाग वापरून. त्यामुळेच पुढे कुणालाही तसा संगणक जुळवता येऊ लागला. डेल हा आज मोठा ब्रँड आहे, पण मायकेल डेल याने १९८४ मध्ये टेक्सास विद्यापीठात शिकत असताना वसतिगृहाच्या खोलीतूनच संगणक वाढवून, जुळवून विकायला सुरुवात केली होती. प्रोसेसर इंटेल किंवा एएमडीचाच असतो, मग डबा कुणाचाही असो.

फरक आहे तो डब्याच्या आतल्या मांडणीत आणि हमीत. ब्रँडेड डेस्कटॉपला साधारणपणे एक वर्षाची हमी मिळते, जास्त पैसे भरून तीन वर्षांची. जुळवलेल्या संगणकात प्रत्येक भागाची हमी वेगळी : खोक्यातला प्रोसेसर तीन वर्षे, मदरबोर्ड बहुधा तीन वर्षे, एसएसडी तीन ते पाच वर्षे, चांगल्या कंपनीची रॅम त्याहूनही अधिक. शिवाय १९९५ पासून एटीएक्स नावाचे एक ठरलेले माप आहे. त्या मापाचा एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारी पेटी, सोलापुरात घ्या, लातुरात घ्या की हैदराबादेत, बसतोच. याउलट मोठ्या कंपन्यांच्या अनेक डेस्कटॉपमध्ये मदरबोर्ड आणि एसएमपीएस त्यांच्या स्वतःच्या मापाचे असतात. हमी संपल्यावर तो भाग गेला तर कंपनीकडूनच मागवावा लागतो, नाही तर जुन्या बाजारात शोधत बसावे लागते.

आता हे आपल्या नकाशावर मांडून पाहा. धाराशिवहून सोलापूर सुमारे ७० किलोमीटर. परांडा-भूमचे लोक बार्शीला जातात, कळंबचे लातूरला, उमरगा-नळदुर्गचे महामार्गाने सोलापूरला किंवा थेट हैदराबादला. जुळवलेल्या संगणकाचा एसएमपीएस गेला तर तो चार स्क्रू काढून पिशवीत घालायचा, सकाळच्या एसटीने जायचे आणि संध्याकाळी नवा घेऊन परतायचे. ब्रँडेड संगणकाला 'घरपोच सेवा' असेल तर इंजिनिअर दारी येतो, ही मोठी सोय आहे. पण ती सेवा आपल्या गावात आहे का, हे पैसे देण्याआधी कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर पिनकोड सांगून विचारा. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर विसंबू नका. (जिल्ह्याचे नाव कुठे धाराशिव दिसते, कुठे अजून उस्मानाबाद, त्याने गोंधळू नका, शहराचा पिनकोड ४१३५०१ तोच आहे.)

ब्रँडेड घेणे कुणाला योग्य? ज्यांची रोजची कमाई त्या यंत्रावर आहे त्यांना. सेवा केंद्र, झेरॉक्स, डीटीपीचे दुकान चालवणाऱ्या भावांनी व्यवसायासाठीचा डेस्कटॉप तीन वर्षांच्या घरपोच हमीसह घ्यावा, कारण एक दिवस बंद म्हणजे एका दिवसाची कमाई गेली. तसेच ज्या घरात संगणकाच्या आत डोकावण्याची कुणालाच आवड नाही आणि ओळखीचा जाणकारही नाही, त्यांनीही ब्रँडेडच घ्यावा. स्क्रीनच्या पाठीतच सगळे बसवलेला 'ऑल-इन-वन' मात्र टाळा. तो दिसायला सुबक असतो, पण एक भाग बिघडला की सगळेच अडकते.

लॅपटॉपबद्दल थोडक्यात. मुलगी वसतिगृहात राहणार असेल तर लॅपटॉपच घ्या, वाद नको. घरीच राहून शिकणार असेल आणि तीन भावंडे एकच यंत्र वापरणार असतील, तर त्याच पैशात डेस्कटॉप जास्त वर्षे चालतो. तो बैठकीच्या खोलीत सगळ्यांसमोर राहतो, हाही एक फायदाच.

आता पैशाचा प्रश्न. दुकानात आणि ऑनलाइन विक्रीत 'नो कॉस्ट ईएमआय'ची पाटी सर्रास दिसते, आणि 'व्याज नाही म्हणजे अडचण नाही' असे समजून आपले लोक सही करतात. यात बहुतेक वेळा घडते असे : बँक कर्ज देते, त्यावर व्याज लावते, आणि तेवढी रक्कम विक्रेता किमतीत सूट म्हणून आधी कमी करतो. म्हणजे व्याज आहेच, फक्त झाकलेले. क्रेडिट कार्डावर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, अनेकदा प्रोसेसिंग फीही. रिझर्व्ह बँकेनेही १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. ज्यांना व्याजापासून दूर राहायचे आहे त्यांनी हा करारनामा आपल्या आलिमांना दाखवून मगच ठरवावे.

जुळवलेल्या संगणकाचा सर्वांत मोठा गुण मला इथेच दिसतो. तो कर्जाशिवाय टप्प्याटप्प्याने घेता येतो. ब्रँडेड डबा पूर्ण पैसे दिल्याशिवाय घरी येत नाही. जुळवताना मात्र पहिल्या भिशीत कॅबिनेट, बरा एसएमपीएस, मदरबोर्ड, प्रोसेसर, ८ जीबीची एकच रॅम आणि एक एसएसडी घ्या. मॉनिटर नसेल तर घरचा टीव्ही एचडीएमआय वायरने जोडून काही महिने भागते; अक्षरे वाचताना डोळे थोडे शिणतात, पण काम चालते. पुढच्या भिशीत मॉनिटर. सहा महिन्यांनी रॅमची दुसरी पट्टी. मुलगा पुढे व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्री-डीचे शिकला तर ग्राफिक्स कार्ड. एकच काळजी घ्या : टप्पे पाडायचे असतील तर मदरबोर्ड आणि एसएमपीएस या दोन गोष्टींत सुरुवातीलाच काटकसर करू नका, कारण पुढची सगळी भर त्यांच्यावरच उभी राहते.

जुळवलेला नेहमी स्वस्तच पडतो, असे मात्र नाही. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने रॅमचे भाव खूप चढले, आणि त्यात एसएसडीही महागले. म्हणून एकाच आठवड्यात दोन्ही प्रकारचे भाव लिहून घ्या. तुलना करताना हेही पाहा की ब्रँडेडच्या किमतीत बहुधा विंडोज धरलेले असते आणि असेंबल्डच्या किमतीत बहुधा नसते.

दुकानदार म्हणतो, "विंडोज फुकट टाकून देतो." हे फुकट विंडोज चोरीचे असते. त्यातून व्हायरस येतो, हा एक भाग. दुसरा भाग हक्काचा. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतच्या अधिवेशनात ठराव केला की लेखन, शोध, व्यापारी नाव यांवरचे हक्क हे मालकाचे आर्थिक हक्क आहेत, शरीयतमध्ये त्यांना संरक्षण आहे आणि त्यांवर अतिक्रमण करता येत नाही. परवडत नसेल तर हलाल आणि खरोखरच मोफत असा पर्याय आहे : लिनक्स. उबंटू आहे, आपल्या सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' प्रणाली आहे, लिहिण्यासाठी लिबरऑफिस आहे. मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आणि उर्दूचा कीबोर्ड दोन्हीत मोफत मिळतो. मात्र मुलाला ज्या परीक्षेचा सराव करायचा आहे, तिचे सॉफ्टवेअर कशावर चालते, हे आधी संस्थेत विचारून घ्या. विंडोजच लागत असेल तर त्याची किंमत पहिल्यापासून हिशेबात धरा.

आता बाजारातली खरी फसवणूक. "आय-फाइव्ह आहे, घेऊन जा." आय-फाइव्ह हे नाव २००९ पासून चालत आले आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीचा, कुठल्या तरी ऑफिसातून काढलेला तिसऱ्या किंवा चौथ्या पिढीचा प्रोसेसर अनोळखी कंपनीच्या नव्या मदरबोर्डवर बसवून, चकचकीत दिव्यांच्या कॅबिनेटमध्ये घालून 'नवा' म्हणून विकला जातो. म्हणून पिढी विचारा आणि कागदावर लिहून घ्या. इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही, आणि विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. जुना संगणक जाणूनबुजून, जुन्याच्या भावात घेणे वेगळे. त्यावर लिनक्स छान चालते आणि गरजू विद्यार्थ्याला तो उत्तम आहे. आणखी एक बारकावा : इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असते त्यात चित्र दाखवण्याची सोय नसते. तो घेतला आणि ग्राफिक्स कार्ड नसेल, तर स्क्रीन काळीच राहील.

यंत्र कुठलेही घ्या, विजेकडे दुर्लक्ष नको. ६०० व्हीएचा साधा यूपीएस काम सेव्ह करून संगणक नीट बंद करण्यापुरता वेळ देतो. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, तो खर्च धरून ठेवा. त्याहून महत्त्वाचे अर्थिंग. आपल्या अनेक जुन्या घरांत तीन पिनांचा बोर्ड असतो, पण तिसऱ्या पिनेची वायर कुठेच जोडलेली नसते. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंग नाही असे समजा आणि वायरमनला बोलवा. मीठ-कोळशाचा खड्डा असेल तर आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहावे लागते.

जोडणी दुकानदाराकडून करून घेतली तरी हरकत नाही, पण मुलाला आणि मुलीलाही तिथे उभे करा. 'हे मुलांचे काम' म्हणून मुलीला घरी ठेवू नका. खरे तर दुकानदाराच्या देखरेखीखाली मुलीलाच करू द्या. आधी कॅबिनेटच्या धातूला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि तो अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. इंटेलच्या सॉकेटमधल्या पिना केसासारख्या बारीक असतात; त्या वाकल्या तर मदरबोर्डची हमी गेली. रॅमची खाच बघून ती दोन्ही टोकांना 'टक्' आवाज येईपर्यंत बसवायची. २४ पिनांची मोठी वायर सगळे जोडतात, प्रोसेसरजवळची छोटी वायर विसरतात, आणि मग पंखे फिरतात पण स्क्रीनवर काही येत नाही. एवढे जिने एकदा केले, तिला पुढे रॅम बदलायला कुणाला बोलवावे लागत नाही, आणि मोहल्ल्यातल्या चार घरांचे संगणकही ती पाहू शकते.

शेवटी बिल. "बिल नको असेल तर जीएसटीचे १८ टक्के सोडतो," असे दुकानदार म्हणेल. घेऊ नका. तो पैसा सरकारचा आहे, आणि बिलाशिवाय हमी म्हणजे नुसते बोलणे. बिल घरातल्या माणसाच्या नावाने हवे, त्यावर प्रत्येक भागाचे नाव आणि सिरियल नंबर वेगवेगळा हवा. नुसते 'कॉम्प्युटर सेट १ नग' असे लिहिलेले बिल चालणार नाही. बिलाचा कागद वर्षभरात पुसट होतो, म्हणून त्याच दिवशी मोबाइलवर त्याचा फोटो काढा. मदरबोर्ड आणि प्रोसेसरचे रिकामे खोके हमीची तीन वर्षे कपाटावर राहू द्या, ईदच्या साफसफाईत ते भंगारवाल्याकडे जाणार नाहीत एवढे अम्मींना सांगून ठेवा.