घटक ५ : ग्रंथदहन, नियंत्रण आणि स्मृती

५.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला
• दुःस्थितिदर्शी (डिस्टोपियन) कादंबरीतील नियंत्रणाच्या प्रमुख रीती सांगता येतील.
• ग्रंथनाश आणि भाषाबंदी यांची आपल्या प्रदेशातील उदाहरणे स्पष्ट करता येतील.
• सत्तेने केलेला ग्रंथनाश आणि निषेध म्हणून केलेले ग्रंथदहन यांतील भेद विशद करता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाच्या कलावंतांनी चित्रकथीची परंपरा जपली आहे. रामायण-महाभारतातील एखाद्या आख्यानाची चित्रे क्रमाने लावलेली असतात. या संचाला ‘पोथी’ म्हणतात. वीणा, हुडूक आणि टाळ यांच्या साथीने कथेकरी एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरतो आणि आख्यान गातो. या पोथीचे वैशिष्ट्य नीट लक्षात घ्या. तिच्यात चित्रे आहेत, पण आख्यानाची संहिता कथेकऱ्याच्या कंठात आहे. म्हणजे ही पोथी अर्धी कागदावर आणि अर्धी माणसात असते.

अशी पोथी कोणी जाळली तर नेमके काय जळेल? आणि कोणीही न जाळता ती नष्ट होऊ शकेल काय? हे दोन प्रश्न मनात ठेवून आपण प्रस्तुत घटकाकडे वळू.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ तीन कादंबऱ्या, तीन रीती

आदर्श समाजाचे स्वप्न रंगविणाऱ्या साहित्याच्या उलट, दुःस्थितिदर्शी कादंबरी वर्तमानातील एखादी प्रवृत्ती टोकाला नेऊन तिचे भयावह फलित दाखविते. अशा कादंबरीतील भविष्यकाळ हा वर्तमानाचे परीक्षण करण्यासाठी योजलेला असतो. विसाव्या शतकातील तीन कृती या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

ऑल्डस हक्सली यांच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (१९३२) मध्ये माणसे सुखात इतकी गुंतविली जातात की, गंभीर वाचनाची इच्छाच त्यांना उरत नाही. जॉर्ज ऑरवेल यांच्या ‘नाइन्टीन एटीफोर’ (१९४९) मध्ये जुनी वृत्तपत्रे पुनःपुन्हा बदलून भूतकाळ दुरुस्त केला जातो. शिवाय ‘न्यूस्पीक’ नावाची भाषा घडवून शब्दसंख्या जाणीवपूर्वक घटविली जाते. शब्द नसेल तर तो विचार करणेही कठीण व्हावे, हा त्यामागील हेतू होय. रे ब्रॅडबरी यांच्या ‘फॅरनहाइट ४५१’ (१९५३) मध्ये अग्निशामक दलाचे काम आग विझविण्याचे नसून पुस्तके जाळण्याचे आहे. या दलातील माँटॅग हा नायक पुस्तके जाळता जाळता वाचू लागतो आणि अखेरीस गावाबाहेर राहणाऱ्या एका समूहाला जाऊन मिळतो. या समूहातील प्रत्येकाने एकेक ग्रंथ मुखोद्गत केला आहे. जणू प्रत्येक माणूस हाच एक ग्रंथ झाला आहे.

येथे तुम्हाला पिंगुळीचा कथेकरी आठवेल. ब्रॅडबरी यांनी कल्पनेने उभा केलेला ‘माणूस-ग्रंथ’ मौखिक परंपरेच्या समाजात शतकानुशतके वावरत आला आहे. तुकाराममहाराजांची गाथा इंद्रायणीत बुडविली गेली, या परंपरागत कथेकडेही अशा दृष्टीने पाहता येते. गाथा पाण्यावर तरली, ही श्रद्धा; अभंग लोकांच्या मुखी राहिले, हे वास्तव.

५.३.२ गोवा : भाषाबंदीचा इतिहास

नियंत्रणाच्या या रीती केवळ कल्पित नाहीत. सिंधुदुर्गाच्या सीमेला लागून असलेल्या गोव्यात पोर्तुगीज सत्तेच्या प्रारंभीच्या काळात देशी भाषांतील ग्रंथ, त्यांतील आशय न पाहता, आगीत टाकले गेले, असे कुन्हा रिवारा यांनी कोकणी भाषेच्या इतिहासावरील आपल्या १८५८ च्या निबंधात नमूद केले आहे. पुढे २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्वोर यांनी हुकूम काढला की, लोकांनी देशी भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज भाषा अंगीकारावी. हुकमाने भाषा मेली नाही. मात्र लेखनाची परंपरा खंडित झाली आणि तिचे परिणाम दीर्घकाळ टिकले.

या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मोपदेशकाचे ‘क्रिस्तपुराण’ हे मराठी ओवीबद्ध काव्य १६१६ मध्ये गोव्यातच छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे आणि कारवार-मंगळूर भागातील ख्रिस्ती कुटुंबांतील वाचन-गायनामुळे. त्या आधारे १९०७ मध्ये मंगळूरहून तो पुन्हा प्रसिद्ध झाला. तसेच, रामायण-महाभारतातील कथांची सोळाव्या शतकातील कोकणी व मराठी रूपे रोमन लिपीतील हस्तलिखितांत पोर्तुगालमधील ब्रागा येथे जतन झाली. मिशनऱ्यांनी ती भाषा शिकण्यासाठी लिहून घेतली होती. ज्या व्यवस्थेने ग्रंथ जाळले, तिच्याच दप्तरात काही ग्रंथ वाचले, ही विसंगती अभ्यासकाने विसरू नये.

५.३.३ अनुरूपता : आतून येणारे नियंत्रण

‘फॅरनहाइट ४५१’ मधील कॅप्टन बीटी हे पात्र एक अस्वस्थ करणारी गोष्ट सांगते : पुस्तकांवरील बंदी आधी सरकारने आणली नाही. कोणाचे मन दुखावू नये, कोणी वेगळे दिसू नये, असे लोकांनाच वाटू लागले. सत्ता मागाहून आली. यालाच आपण ‘अनुरूपतेचा दबाव’ म्हणतो. या कादंबरीच्याच वाट्याला असे प्रसंग आले. १९६७ पासून शाळांसाठी काढलेल्या आवृत्तीत प्रकाशकांनी लेखकाला न कळविता अनेक ठिकाणी मजकूर बदलला होता.

मराठीतील उदाहरणे पाहा. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ (१९०७) ब्रिटिश सरकारने १९१० मध्ये बंद केले. हे उघड राजकीय नियंत्रण होय. याउलट ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमावाने हल्ला करून ग्रंथ व हस्तलिखितांची नासधूस केली. येथे सत्तेचा हुकूम नव्हता. ज्या पुस्तकावरून हा रोष होता, ते प्रकाशकाने भारतात आधीच मागे घेतले होते. पुस्तक मागे घेतल्याने रोष शमत नाही, हा या घटनेचा धडा होय.

अनुरूपतेचे सर्वांत सौम्य रूप भाषेत दिसते. मालवणी मुलखातील विद्यार्थी ‘व्हाळ’ लिहून खोडतो आणि ‘ओढा’ लिहितो. त्यात अर्थाची फारशी हानी नाही. परंतु ‘मांगर’ या शब्दासाठी प्रमाण मराठीत तितका नेमका शब्द सापडत नाही, म्हणून तो त्या वस्तूचा उल्लेखच टाळतो, तेव्हा त्याच्या लेखनातून एक अनुभव गळतो. प्रमाणभाषा आणि न्यूस्पीक यांना एकाच मापाने मोजणे चूक ठरेल. प्रमाणभाषा व्यवहार विस्तारण्यासाठी असते. तरीही आपण कोणता शब्द लाजेने खोडला, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

५.३.४ महाडचे दहन : एक आवश्यक भेद

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. त्याचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला होता. हे दहन वर पाहिलेल्या ग्रंथनाशाच्या पंक्तीत बसते काय? उत्तर देताना तीन कसोट्या लावा. दहन करणाऱ्याच्या हाती सत्ता आहे काय? ग्रंथ वाचकांसाठी नाहीसा करणे हा हेतू आहे काय? आणि कृती उघडपणे, कारणे देऊन केली आहे काय? महाडला जमलेल्यांना सार्वजनिक तळ्यातील पाणीही नाकारले जात होते. ग्रंथ लोकांनी वाचू नये, असे त्यांचे म्हणणे नव्हते. ग्रंथाचा माणसावरील अधिकार त्यांनी नाकारला. बाबासाहेबांनी पुढील लेखनातही मनुस्मृतीतील वचने देऊन तिची चिकित्सा केली. म्हणून या कृतीला प्रतीकात्मक निषेध म्हणावे लागते. ज्वाला सारखी दिसली तरी अर्थ सारखा नसतो.

५.४ सारांश

ग्रंथ तीन प्रकारे नष्ट होतात : सत्तेच्या हुकमाने, जमावाच्या रोषाने आणि वाचकाच्या उदासीनतेने. पहिल्या दोहोंना इतिहासात साक्षीदार मिळतात. तिसऱ्याला मिळत नाही. आरंभीच्या प्रश्नांचे उत्तर आता देता येईल. चित्रकथीची पोथी जळाली तर चित्रे जातील. गाणारा असेल तर आख्यान उरेल. पण गाणारा आणि ऐकणारा दोघेही उरले नाहीत, तर संग्रहालयातील सुस्थितीतली पोथीही मुकी होईल. ती बोलती ठेवण्याची जबाबदारी वाचक म्हणून तुमचीही आहे.

५.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. हक्सली, ऑरवेल आणि ब्रॅडबरी यांनी दाखविलेल्या नियंत्रणाच्या रीतींची तुलना करा.
२. ‘क्रिस्तपुराणा’च्या उदाहरणावरून छापील ग्रंथ आणि समूहाची स्मृती यांतील संबंध स्पष्ट करा.
३. ग्रंथनाश व प्रतीकात्मक दहन यांत भेद करणाऱ्या तीन कसोट्या सोदाहरण लिहा.
४. उपक्रम : आपल्या घरातील वडीलधाऱ्यांकडून, कोठेही न छापलेले एक गाणे किंवा कहाणी ऐका. ती त्यांच्याच बोलीत, एकही शब्द न बदलता, लिहून काढा.