परमुलखातला संसार

भंडारा म्हटलं की पितळेची भांडी, तलाव आणि वैनगंगा आठवते. याच गावात १८८२ साली स्कॉटलंडच्या फ्री चर्चने मिशनचं ठाणं उघडलं, हे मात्र आता फारसं कुणी सांगत नाही. या मिशनची विदर्भातली मुळं आणखी जुनी. १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप आणि त्यांची पत्नी इरास्मा नागपूर-कामठीत येऊन राहिली. हिस्लॉप शाळा चालवत, दगडांतले जीवाश्म शोधत, गोंडांच्या कथा टिपून ठेवत. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना ते नदीच्या पुरात बुडाले. इरास्मा आणि मुलं मागे राहिली. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत आहे. इरास्मा कोण, हे विचारलं तर उत्तर देणारा क्वचितच भेटेल.

हजारो मैलांवरून येऊन, अनोळखी भाषेच्या गावात उमेदीची सगळी वर्षं घालवणाऱ्या या जोडप्यांचा रोजचा दिवस कसा जात असेल? प्रार्थना आणि धर्मप्रसार एवढ्यावर तो संपत नव्हता. महाराष्ट्रात याचा सर्वांत भरीव दाखला आहे मिरजेत. तिथलं मिशन हॉस्पिटल एका जोडप्याने उभं केलं आणि पुढे त्या हॉस्पिटलने मिरजेचं रूपच बदललं.

विल्यम जेम्स वानलेस हे कॅनडातल्या ऑन्टारिओचे, जन्म १८६५ चा. न्यूयॉर्कला डॉक्टरकी शिकले, १८८९ मध्ये मेरी मार्शलशी लग्न केलं आणि त्याच वर्षी दोघं हिंदुस्थानच्या वाटेला लागली. पाठवणारी संस्था अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चची. तिचं या भागातलं मूळ ठाणं कोल्हापूर. रॉयल वाइल्डर आणि एलायझा वाइल्डर या दांपत्याने १८५२ मध्येच तिथे काम सुरू केलं होतं. एलायझाबाईंची गोष्ट वेगळीच. नवरा वारल्यावर, वय झालेलं असताना, त्या मुलगी ग्रेसला घेऊन पुन्हा हिंदुस्थानात आल्या आणि उरलेलं आयुष्य इथेच काढलं. अमेरिकेत नातेवाईक होते, सोयी होत्या. पण म्हातारपण कुठे काढायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं.

वानलेस दांपत्याने आरंभी सांगलीत दवाखाना थाटला. १८९२ मध्ये ती दोघं मिरजेला आली आणि १८९४ मध्ये हॉस्पिटल सुरू झालं. मिरजच का, याचं एक कारण नकाशावर दिसतं. मिरज रेल्वेच्या हमरस्त्यावरचं गाव आणि १८९१ पासून कोल्हापूरचा फाटा इथूनच सुटू लागलेला. आगगाडी आली की लांबलांबचा रोगी दारात येऊ शकतो. हॉस्पिटलच्या इमारतीला पैसे दिले फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांनी. हे गृहस्थ रेल्वेची इंजिनं बनवणाऱ्या बाल्डविन कारखान्याचे भागीदार.

अशा हॉस्पिटलातला दिवस उजाडायच्या आधीच सुरू होई. फाटकाबाहेर बैलगाड्या रात्रीच येऊन थांबलेल्या. कुणी डोळ्याला फडकं बांधलेलं, कुणी बाजेवर घालून आणलेलं. रोगी एकटा कधी येतच नसे. बरोबर म्हातारी आई, भाऊ, लेकरं, पीठमिठाची गाठोडी आणि तवा. जातीचा धाक असा की परक्याच्या हातचं पाणीसुद्धा चालायचं नाही, मग हॉस्पिटलचं जेवण कुठलं? आवारात तीन दगडांच्या चुली पेटत आणि प्रत्येक कुटुंब आपली भाकरी आपण थापी. परदेशी डॉक्टरांना आधी हे अडचणीचं वाटे, पण लवकरच लक्षात येई की रोग्याच्या शेजारी त्याचं माणूस बसलं, ओळखीच्या हातचा घास मिळाला, तर तो बिछान्यावर टिकतो. नाहीतर रात्रीतून उठून गावाकडे चालू लागतो. शुश्रूषेची अर्धी बाजू ही माणसंच सांभाळत.

सकाळची प्रार्थना, छोटं प्रवचन, मग बाहेरचे रोगी. इथे एक गोष्ट सरळ मांडायला हवी. धर्मप्रसार हा मिशनचा घोषित हेतू होता आणि दवाखाना हे त्याचं साधन मानलं जाई. लोक प्रवचन ऐकत, औषधाची बाटली घेत आणि आपला देव आपल्यापाशी ठेवून घरी जात. ख्रिस्ती झालेल्यांची संख्या थोडीच राहिली. बऱ्या झालेल्यांची मोजदाद नाही. मला या कामाचा मोठेपणा इथेच वाटतो. पुढचा माणूस आपल्या धर्मात येणार नाही हे कळल्यावरही ज्यांनी सुरी खाली ठेवली नाही, त्यांची सेवा खरी होती.

मोतीबिंदूच्या एका शस्त्रक्रियेकडे जरा थांबून पाहू, कारण मिशन हॉस्पिटलांचं नाव गावोगाव गेलं ते त्याच्यामुळे. त्याआधी मोतीबिंदू काढणारे फिरते लोक असत. ते सुईने डोळ्यातलं गढूळ भिंग आत ढकलून देत. रोग्याला तिथल्या तिथे दिसू लागे, बिदागी मिळे, आणि पुष्कळदा काही दिवसांनी डोळा सुजून कायमचा जाई. तोवर तो वैदू चार गावं पुढे गेलेला असे. हॉस्पिटलात तेच भिंग बाहेर काढायचं असे. डोळ्यात कोकेनचे थेंब टाकून तो बधिर करायचा, ही युक्ती १८८४ मध्ये व्हिएन्नात निघाली होती. रोगी पूर्ण शुद्धीवर. पातळ, अरुंद पात्याने बुबुळाच्या कडेला छेद घ्यायचा आणि बाहेरून अलगद दाब देत भिंग सरकवून घ्यायचं. त्या काळी डोळ्याला टाके घालायची रीत नव्हती. म्हणून दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून रोग्याला दिवसचे दिवस उताणं पडून राहावं लागे. खोकला नको, शिंक नको, मान वळवायला नको. शेतात राबणाऱ्या माणसाला असं निश्चल ठेवणं हे शस्त्रक्रियेपेक्षा अवघड काम. ते करायची उशाशी बसलेली बायको किंवा मुलगा. पट्टी सुटली की जाड भिंगाचा चष्मा मिळे आणि त्या चष्म्यातून म्हातारा नातवाचं तोंड पाही. तो गावी पोचला की पुढच्या महिन्यात त्याच गावची गाडी दारात हजर.

बाकीच्या शस्त्रक्रियांना क्लोरोफॉर्म. फडक्यावर थेंब थेंब टाकायचा, नाडीवर बोट ठेवायचं, श्वासाकडे कान लावायचा. हत्यारं उकळायची, कार्बोलिकचा वास दिवसभर अंगाला चिकटलेला. वीज नाही. रात्री निकड आली तर कंदील धरायला माणूस उभा करायचा. मुतखडे, गाठी, बाळंतपणात अडलेल्या बायका, बैलाने शिंग मारलेले शेतकरी. यांतली बाळंतपणं सर्वांत उशिरा येत, कारण घरातली माणसं पुरुष डॉक्टरकडे बाईला न्यायला धजत नसत. आणली जाई तेव्हा तिच्यात फारसं त्राण उरलेलं नसे.

पत्नीचा दिवस कुठल्या अहवालात सापडत नाही. मिशनच्या कागदपत्रांत बहुधा नवऱ्याच्या नावापुढे ‘आणि सौ.’ एवढीच नोंद. पगार जोडप्याचा मिळून एक. पण चादरी, पट्ट्या, भांडी, हिशेब, बायकांच्या खाटांवरची चौकशी, मुलींची शाळा, येणारेजाणारे पाहुणे हे सगळं तिच्याच अंगावर. मराठी तिलाही शिकावं लागे. पंतोजी घरी येऊन धडे देत, परीक्षा होत. पुस्तकी मराठी पुरत नसे. ‘पोटात कालवतंय’, ‘अंग मोडून आलंय’, ‘डोळ्यांपुढे काजवे चमकतात’ हे कळलं नाही तर रोग कळायचा कसा? ही भाषा बाजारात आणि बायकांच्या घोळक्यातच मिळते, आणि घरोघर फिरणाऱ्या बाईकडे ती डॉक्टरच्या आधी येई.

संध्याकाळी दिव्याशी बसून पत्रं लिहायची. अमेरिकेतल्या मंडळ्यांना कामाची हकिकत कळवली तरच पुढच्या वर्षी औषधांचे पैसे येणार. श्रीमंत रोग्यांकडून वानलेस फी घेत आणि ती हॉस्पिटलात घालत. तरीही हात कायम आखडलेला. पत्र बोटीने जाणार, उत्तर यायला महिने लागणार. घरी आई आजारी असल्याचं कळे तेव्हा बहुतेक सगळं होऊन गेलेलं असे. सात-आठ वर्षांनी एकदा मोठी रजा.

या संसाराची सर्वांत कडू बाजू मुलांची. ती इथे जन्मत, मराठी बोलत वाढत आणि शाळेच्या वयात आईबापांपासून दूर कोडाईकनाल किंवा मसुरीला जात. पुढे त्याहून दूर, अमेरिकेला. याच मिशनचं एक हॉस्पिटल कोकणात वेंगुर्ल्याला होतं. तिथे डॉक्टर गोहीन आणि त्यांच्या पत्नी काम करत. त्यांचा मुलगा रॉबर्ट १५ ऑगस्ट १९१९ ला वेंगुर्ल्यातच जन्मला, कोडाईकनालला शिकला, पंधराव्या वर्षी अमेरिकेला गेला. प्रिन्स्टन विद्यापीठाचा तो अध्यक्ष झाला आणि १९७७ मध्ये अमेरिकेचा राजदूत म्हणून भारतात परत आला. वेंगुर्ल्याच्या लोकांना या गोष्टीचं आजही अप्रूप वाटायला हरकत नाही.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि बघता बघता दख्खनभर पसरला. त्यातच १८९९-१९०० चा दुष्काळ. उंदीर पडू लागले की लोक घरांना कुलपं लावून माळावर झोपड्या घालून राहत. जाता येईल त्याने गाव सोडावं असे ते दिवस. डॉक्टरला मात्र जागा सोडता येत नव्हती. कुष्ठरोग्यांसाठी मिरजेत आश्रम उघडला तोही याच सुमारास.

या हॉस्पिटलचा सगळ्यात दूरदृष्टीचा निर्णय १८९७ चा. वानलेस यांनी मराठी मुलखातली मुलं हाताशी घेऊन वैद्यकीय शाळा काढली. एक डॉक्टर किती डोळे उघडणार? रोगी हजारोंनी, हात दोनच. मुलं ड्रेसिंगपासून शिकत, कंपाउंडरकी करत, शस्त्रक्रियेला मदत करत आणि तयार होऊन लहान गावांत दवाखाने चालवत. मिरजेच्या इमारतीपेक्षा ही शिकवलेली माणसं मला मोलाची वाटतात. परदेशी जोडपं आज ना उद्या जाणारच असतं. त्याच्या माघारी काम चालतं की बंद पडतं, यावरच त्याच्या आयुष्याची किंमत करायला हवी.

मेरी वानलेस १९०६ मध्ये वारल्या. सतरा वर्षांचा संसार आणि सगळा मराठी मुलखात. कोल्हापूरचं मेरी वानलेस हॉस्पिटल त्यांच्या नावाने उभं आहे. पुढच्या वर्षी विल्यम यांनी लिलियन हेवन्स यांच्याशी लग्न केलं, आणि त्यानंतरची वीसेक वर्षं ही जोडी त्याच आवारात राबली. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. मोकळी हवा, सकस अन्न आणि विश्रांती एवढाच इलाज. त्यासाठी सांगली-मिरजेच्या मधल्या माळावर १९२० मध्ये आरोग्यधाम काढलं. त्याच्याभोवती वस्ती वाढली, ती आजची वानलेसवाडी. १९२८ मध्ये विल्यम यांना ‘सर’ हा किताब मिळाला. त्याच साली निवृत्त होऊन दोघं अमेरिकेला गेली आणि १९३३ मध्ये विल्यम कॅलिफोर्नियात वारले. त्यांचं चरित्र लिलियनबाईंनी लिहिलं. मिरजेची धुरा डॉक्टर चार्ल्स व्हेल यांच्याकडे गेली. पुढे १९६२ मध्ये मिरजेत वैद्यकीय महाविद्यालय निघालं, त्याच्या उभारणीत या हॉस्पिटलचा मोठा वाटा होता. सतारी आणि तंबोऱ्यांचं हे गाव आज दक्षिण महाराष्ट्रात दवाखान्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं.

वानलेस यांची आठवण टिकली, कारण त्यांनी स्वतः आत्मचरित्र लिहिलं आणि पत्नीने चरित्र. ज्यांनी पट्ट्या धुतल्या, कंदील धरला, ‘पोटात कालवतंय’ म्हणजे काय ते साहेबाला समजावलं, त्या मराठी कंपाउंडरांची, दायांची, स्वयंपाकिणींची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. भंडाऱ्यातही हेच झालं असणार. आपल्या जिल्ह्यात अशी घरं अजून असतील, ज्यांच्या आजीने मिशनच्या दवाखान्यात नोकरी केली, ज्यांच्या आजोबांनी मिशनच्या शाळेत अक्षरं गिरवली. त्यांना विनंती एवढीच: जुनी प्रमाणपत्रं, फोटो, पत्रं रद्दीत घालू नका. आठवत असेल ते वहीत उतरवा, तारखा जमतील तेवढ्या घाला, आणि त्याची एक प्रत गावच्या वाचनालयात नेऊन द्या.