पाहावे सर्वांनी, बदलावे एकाने



ऊस लागणीची नोंद, वजन पावत्या, ठिबकची बिले, माती परीक्षणाचा अहवाल, सातबारा हे सारे कागद पूर्वी पत्र्याच्या पेटीत असत आणि पेटीची किल्ली कर्त्या माणसाकडे असे. आता अमडापूर गटातही पुष्कळ घरांत हे कागद संगणकात जाऊन बसले आहेत. पेटी बदलली, पण किल्लीचा विचार मागेच राहिला. त्याविषयी थोडे लिहितो.

सातबाऱ्याचे उदाहरण

महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. सातबारा कोणीही पाहू शकतो. पण त्यात बदल कोण करतो? फेरफार तलाठी (आताचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) नोंदवतात आणि तो मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. पाहणारा वेगळा, लिहिणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा. उद्या पाहणाऱ्यालाच खोडायची मुभा दिली तर बांधावरची भांडणे किती वाढतील, सांगा बरं! संगणकात या मुभेला ‘परमिशन’ म्हणतात.

घरच्या संगणकात काय करावे?

विंडोजमध्ये मुख्य मुभा अशा : ‘रीड’ म्हणजे वाचणे; ‘राइट’ म्हणजे लिहिणे; ‘मॉडिफाय’ म्हणजे बदलणे आणि पुसणेसुद्धा; ‘फुल कंट्रोल’ म्हणजे दुसऱ्याला मुभा देण्या-काढण्याचाही अधिकार.

१) घरातले चौघे एकाच खात्यावर बसत असतील तर संगणकाला ते चौघे एकच माणूस वाटतात. म्हणून प्रत्येकाचे खाते व पासवर्ड वेगळा ठेवा. कर्त्याचे खाते ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’, बाकीच्यांची ‘स्टँडर्ड’.

२) आपल्या खात्यातील ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवलेले कागद दुसऱ्या स्टँडर्ड खात्याला सहसा उघडत नाहीत. पण आपण बहुतेक जण ‘डी’ ड्राइव्हवर फोल्डर करतो, आणि तिथे सर्वच खात्यांना बदलण्याची मुभा बहुधा आधीपासून असते. पोराने खेळासाठी जागा करायला म्हणून एखादे फोल्डर पुसले, की पाच वर्षांच्या पावत्या गेल्या.

३) अशा फोल्डरवर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’, मग ‘सिक्युरिटी’ उघडा. तिथे कोणाला काय मुभा आहे ते दिसते. काही खुणा फिक्या दिसतील व हलणार नाहीत, कारण त्या वरच्या फोल्डरकडून वारशाने आल्या आहेत. जमिनीचा वारसा लागतो, तसाच हा! ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये जाऊन ‘डिसेबल इनहेरिटन्स’ करा. विचारल्यावर जुन्या मुभा कायम ठेवणारा पहिला पर्याय घ्या. नंतर ‘एडिट’मधून आधी स्वतःचे खाते ‘फुल कंट्रोल’सह घाला, मग मुलाचे खाते फक्त वाचण्यापुरते घाला, आणि शेवटी ‘ऑथेंटिकेटेड यूजर्स’ व ‘यूजर्स’ ही नावे काढा. ‘सिस्टिम’ व ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स’ यांना हात लावू नका.

४) ‘डिनाय’ म्हणजे मनाई. ‘एव्हरीवन’ला मनाई केली तर त्या ‘सर्वां’त आपणही येतो आणि आपल्याच घराबाहेर उभे राहायची पाळी येते. मनाई करण्यापेक्षा मुभा न देणे बरे.

कुलूप कुठे चालत नाही?

ही मुभा त्या संगणकापुरतीच असते. नेहमीच्या पेनड्राइव्हवर फाइल उतरवली की बंधन संपले. पेनड्राइव्ह ज्याच्या हाती, कागद त्याचा. संगणकातील डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली तरीही कागद वाचता येतात. म्हणून आधार व बँकेचे कागद पासवर्ड घातलेल्या फाइलमध्येच ठेवावेत. सेवा केंद्रातून सातबारा काढला की त्याची प्रत तिथल्या ‘डाउनलोड्स’मध्ये राहते, उठण्यापूर्वी ती पुसायला सांगा, ‘रिसायकल बिन’सकट. यात संकोच कसला? कागद आपला आहे.

शेवटचे, पण सर्वांत मोलाचे : परमिशनमुळे खोडाखोड थांबते, संगणक बिघडणे थांबत नाही. दुसरी एक प्रत काढून घरातच वेगळी, कुलपात ठेवावी. बेण्याचा मळा राखतो तशी ही राखण आहे. हंगामात नोंदीची किंवा वजनाची शंका निघाली, तर ज्याच्याकडे न बदललेला कागद आहे त्याचेच म्हणणे टिकते.

गाळप सुरू होण्यापूर्वी एक संध्याकाळ एवढ्या कामासाठी काढावी, ही विनंती.

– ऊस विकास अधिकारी, अमडापूर गट