बियाणे आणि पीठ

सुगीचे सारेच धान्य शेतकरी दळून आणीत नाही. पुढील पेरणीसाठी उत्तम बियाणे तो निराळे काढून ठेवतो. पिठाची भाकरी होते, परंतु पीठ पेरून कणीस येत नाही. संगणकावर तयार होणाऱ्या चलच्चित्रांतही असाच भेद आहे. फ्लॅश या प्रणालीच्या उदाहरणाने तो विद्यार्थी-वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

१९९६ साली ही प्रणाली 'फ्यूचरस्प्लॅश ॲनिमेटर' या नावाने बाजारात आली. मॅक्रोमीडिया कंपनीने ती विकत घेऊन तिचे 'फ्लॅश' असे नामकरण केले. २००५ साली ती कंपनीच ॲडोबीने घेतली. या प्रणालीत एका चलच्चित्राच्या दोन फाईली होत असत. कलावंत जिच्यात काम करी ती मूळ फाईल एफएलए, आणि प्रेक्षकांसाठी तिच्यापासून तयार होई ती प्रकाशित फाईल एसडब्ल्यूएफ.

समजा, एक चेंडू डावीकडून उजवीकडे जातो असे दृश्य करावयाचे आहे. मूळ फाईलमध्ये चेंडू एका थरावर व आकाश दुसऱ्या थरावर असते. आरंभीची व शेवटची चौकट आपण मांडावयाची. मधली गती संगणक भरून काढतो. तांबडा चेंडू निळा करावयाचा झाल्यास एकाच ठिकाणी बदल पुरतो. प्रकाशनाच्या वेळी मात्र ही मांडणी विरघळून जाते. थरांची नावे जातात व केवळ क्रमांक उरतात. मधली गती चौकटीगणिक स्थाने बनते. आज्ञावलीत रचनाकाराने स्वतःसाठी लिहिलेल्या टिपा गळतात. यात गैर काहीच नाही. टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला फार तर ५६ किलोबिट माहिती येत असे, त्या काळी फाईल हलकी असणे हाच मोठा गुण होता.

या भेदाची खरी परीक्षा पुढे झाली. ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबीने फ्लॅश प्लेअरचा आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात चित्रे चालणेच बंद केले. ज्यांनी एफएलए जपली होती, त्यांना मार्ग मोकळा होता. फ्लॅशला २०१६ साली 'ॲनिमेट' हे नाव मिळाले होते आणि त्यातून तेच चित्र एचटीएमएल ५ या नव्या रूपात प्रकाशित करता येत होते. आज्ञावली तेवढी नव्याने लिहावी लागे. ज्यांच्याजवळ केवळ एसडब्ल्यूएफ उरली, त्यांची मात्र पंचाईत झाली. अशी फाईल उकलणारी साधने आहेत. त्यांनी चित्रे व आज्ञा बऱ्याच अंशी हाती येतात, परंतु गळलेली नावे व टिपा परत येत नाहीत. 'रफल' नावाच्या साधनाने अनेक जुनी चित्रे आज पुन्हा पाहता येतात, हे खरे. तथापि पाहता येणे निराळे आणि सुधारता येणे निराळे.

यातून आपणांसही बोध घेता येईल. संमेलनाचे निमंत्रण असो वा विज्ञान-प्रदर्शनाचा तक्ता, छपाईसाठी पीडीएफ काढली की मूळ फाईल पुसून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा. मूळ फाईल नाव व तारीख घालून दोन ठिकाणी ठेवावी. पुढील वर्षी आपल्या जागी येणाऱ्या विद्यार्थ्यांस तयार भाकरीबरोबर मूठभर बियाणेही मिळावे, एवढीच आमची इच्छा आहे.