चामखीळ: घरचा चुना की दवाखाना?

गेल्या रमजानच्या आधी आमच्या धाकट्याच्या उजव्या हाताच्या बोटावर ज्वारीच्या दाण्याएवढी एक खरखरीत गाठ उठली. आम्ही लक्ष दिले नाही. ईदपर्यंत एकाच्या चार झाल्या. ईदच्या दिवशी नमाज झाल्यावर सगळे गळाभेट घेत होते, मुसाफा करत होते आणि आमचे पोर उजवा हात कुर्त्याच्या खिशात घालून उभे होते. मामूंनी हात पुढे केला तेव्हा त्याने मान खाली घातली. वर्गातल्या मुलांनी त्याला कबड्डीत घेणे बंद केले होते, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

मग जे बहुतेक घरांत होते तेच आमच्या घरी झाले. कोणी बिब्बा सांगितला, कोणी अगरबत्तीचा चटका, कोणी घोड्याच्या केसाने आवळून बांधायला सांगितले. शेवटी नानीचा उपाय ठरला: पानाचा चुना आणि कपडे धुण्याचा सोडा कालवून लावायचा. आम्ही दोघेही शिक्षक. चुना आणि धुण्याचा सोडा पाण्यात एकत्र आले की कॉस्टिक सोडा तयार होतो, हे पुस्तकात वाचलेले. तरी लावू दिला. रात्री पोर रडत उठले. चामखिळीच्या बाजूची चांगली कातडी भाजून सोलली होती आणि चामखीळ जागच्या जागी होती. तो डाग अजून आहे.

जखम भरल्यावर आम्ही राबोडीहून रिक्षाने खोपटला गेलो. एसटी डेपोच्या परिसरात एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. त्यांनी भिंगातून पाहिले आणि आधी मुलाशी बोलल्या. म्हणाल्या, “यात तुझी काही चूक नाही, बेटा. हा एक विषाणू आहे. खूप मुलांना होतो.” एवढे ऐकून त्याने हात टेबलावर ठेवला.

त्यांनी समजावले ते असे. चामखिळीच्या विषाणूला एचपीव्ही म्हणतात. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. कातडीला बारीकशी चीर असली की तो आत शिरतो आणि वरच्याच थरात वाढतो. चामखिळीला खोल मूळ असते ही समजूत चुकीची. आत दिसणारे काळे ठिपके म्हणजे गोठलेल्या रक्ताच्या बारीक वाहिन्या. नखे खाणाऱ्या मुलांत ती बोटाबोटांवर पसरते. आमचा मुलगा नखे खात होताच. अनेक मुलांची चामखीळ दोनेक वर्षांत आपोआप जाते, म्हणून दुखत नसेल, वाढत नसेल तर थांबले तरी चालते. आमच्याकडे ती वाढत होती आणि मुलगा मनाने खचत होता, म्हणून काढायचे ठरले.

काढण्याच्या मुख्य रीती तीन. पहिली सॅलिसिलिक आम्लाचे औषध: रोज लावायचे, आठवडेच्या आठवडे धीर धरायचा. दुसरी गोठवण्याची: उणे 196 अंशांचा द्रव नायट्रोजन काही सेकंद सोडतात, फोड येतो, खपली धरते आणि साधारण एक-दोन आठवड्यांत पडते. बहुधा दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा करावे लागते. तिसरी विजेच्या सुईने जाळण्याची: आधी बधिर करण्याचे इंजेक्शन देतात. आमच्या मुलाला गोठवले. बर्फाचा चटका बसल्यासारखे दुखले, डोळ्यांत पाणी आले, पण ओरडला नाही. तीन खेपा लागल्या. डॉक्टरांनी आधीच सांगितले होते की सावळ्या कातडीवर काही काळ फिकट किंवा काळा डाग राहू शकतो आणि चामखीळ परतही येऊ शकते. एका बैठकीत कायमची घालवतो असे जो छातीठोकपणे सांगेल, त्याच्यापासून जपावे.

एक फोड फुटला तेव्हा वुजूचा प्रश्न आला. इमाम साहेबांना विचारले. त्यांनी सांगितले, पाण्याने अपाय होत असेल तर पट्टीवरून ओला हात फिरवून मसह करावा, बाकीचा वुजू नेहमीसारखा. मुलाचा जीव हलका झाला.

आता घरातल्या मोठ्यांसाठी. आपण मराठीत दोन वेगळ्या गोष्टींना चामखीळ म्हणतो. मानेवर, काखेत लोंबणारे मऊ मांस हा संसर्ग नाही. ते पुष्कळदा वाढलेल्या वजनाबरोबर किंवा मधुमेहाबरोबर दिसते, म्हणून ते दिसल्यास एकदा साखर तपासून घ्यावी. तळपायाची चामखीळ अनेकदा कुरूप समजली जाते. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तळपायाला कुरूपाची पट्टी किंवा ब्लेड स्वतःहून लावूच नये, त्या जखमा चिघळतात. ओल्या फरशीवर अनवाणी चालण्यातून ही चामखीळ पसरते, तेव्हा वुजूखान्यात आपली स्वतःची चप्पल वापरावी आणि टॉवेल वेगळा ठेवावा. तीळ मोठा होत असेल, रंग बदलत असेल, त्यातून रक्त येत असेल, तर तो पार्लरमध्ये जाळून घेऊ नये. आधी डॉक्टरांना दाखवावा.

आणखी एक भीती मनातून काढायला हवी. याच विषाणूच्या कुटुंबातल्या दुसऱ्या काही प्रकारांमुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो. हे दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना 2008 साली नोबेल मिळाले. हाताची चामखीळ त्या प्रकारांची नसते. पण त्या कर्करोगापासून वाचवणारी लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ 2023 च्या जानेवारीत आली. 9 ते 14 वर्षांच्या मुलींना ती सहसा दोन डोसांत देतात. मुलींच्या आयांनी डॉक्टरांशी याविषयी जरूर बोलावे.

डॉक्टर निवडताना पाटीवरची पदवी वाचा. त्वचारोगातील एमडी किंवा डिप्लोमा आहे का, महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. किती खेपा, किती पैसे, हे आधीच विचारा. यात लाजण्यासारखे काही नाही. खासगी खर्च झेपत नसेल तर कळव्याचे महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे.

शेवटी एक कबुली. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या हातावर अशाच गाठी होत्या. इतर पालकांच्या तक्रारीवरून आम्ही तिला वेगळ्या बाकावर बसवले होते. तिच्या अम्मीला “आधी इलाज करा” असे सर्वांसमोर म्हणालो होतो. कुठे जायचे, काय करायचे, हे मात्र सांगितले नव्हते. आपले पोर खिशात हात घालून उभे राहिले तेव्हा ती मुलगी आठवली. मागच्या महिन्यात तिच्या घरी जाऊन आलो आणि माफी मागितली. तिच्या चामखिळी कधीच गेल्या आहेत. ते बाक मात्र तिला आठवत होते.