चौकट : इंचभरही नाही, तरी चिखल

अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या ब्लॅक रॉक वाळवंटात दरवर्षी ऑगस्टअखेरीस ‘बर्निंग मॅन’ महोत्सव भरतो. १९८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्यावर सुरू झालेला हा मेळा १९९० मध्ये येथे आला. येथील जमीन वाळूची नाही. हिमयुगातील लाहोंटन सरोवराचा हा कोरडा तळ बारीक, अल्कधर्मी गाळाचा आहे. वारा सुटला की त्याची धूळ उठून जवळचेही दिसेनासे होते. पाऊस पडला की पाणी मुरत नाही, आणि गाळ चाकांना व बुटांना थरांवर थर चिकटत जातो. अनवाणी चालावे, तर कातडी भाजल्यासारखी होते. त्यावर पाण्यात थोडे व्हिनेगर घालून पाय धुण्याचा उपाय रूढ आहे.

२०२३ च्या महोत्सवात १ सप्टेंबरपासून येथे एक इंचाहून कमी पाऊस झाला. मुंबईकर त्याला पाऊसही म्हणणार नाही. तरी प्रवेशद्वार बंद झाले, वाहनांना मनाई झाली आणि सत्तर हजारांच्या आसपास लोक अडकले. प्रत्येकाने शिधा बरोबर आणावा असा येथे दंडकच असल्याने खाण्यापिण्यापेक्षा स्वच्छतेची अडचण मोठी ठरली : शौचालये उपसणाऱ्या गाड्याच फिरेनात. विनोदवीर ख्रिस रॉक आणि डीजे डिप्लो यांच्यासह काही जण चिखल तुडवत मैलोगणती चालत बाहेर पडले. ज्यावरून महोत्सवाला नाव पडले, ते लांबलेले पुतळादहन अखेर ४ सप्टेंबरच्या रात्री झाले. वाहनांना बाहेर पडण्याची परवानगी त्याच दिवशी दुपारी मिळाली होती.