अम्मीचा बंद पडलेला फोन

त्या पहाटे अम्मीच्या फोनमधला फजरचा अलार्म वाजलाच नाही. फोन रात्रभर चार्जिंगला लावलेला होता, पण स्क्रीन काळीठिक्कर. "जुना झालाय, नवा घेऊ," मी सहज म्हणाले. अम्मी गप्प राहिली. थोड्या वेळाने हळूच बोलली, "त्यात तुझ्या अब्बांचा आवाज आहे गं."

अब्बांनी बरीच वर्षे कुवेतला नोकरी केली. टाईप करायचा त्यांना कंटाळा. जे सांगायचे ते व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवायचे. त्यांच्या इंतकालाला दीड वर्ष झाले होते. अम्मी रात्री ते निरोप ऐकते, हे मला त्या दिवशी कळले.

मग प्रयत्न सुरू झाले. आधी दुसरा चार्जर आणि दुसरी केबल लावून अर्धा तास वाट पाहिली, कारण बॅटरी पूर्ण उतरली असेल तर स्क्रीनवर खूण दिसायला वेळ लागतो. चार्जिंगच्या भोकात कचरा साचला असेल म्हणून लाकडी टूथपिकने अलगद साफ केले. तिथे सुई किंवा टाचणी घालू नये. पॉवर आणि आवाज कमी करायचे बटण एकत्र वीस सेकंद दाबून धरले. माझ्या फोनवरून रिंग देऊन पाहिली. रिंग वाजली असती तर फोन जिवंत असून फक्त डिस्प्ले गेला आहे, असे समजले असते. पण "फोन बंद आहे" एवढेच ऐकू आले.

शेजारच्या खाला म्हणाल्या, "तांदळात ठेव." आमचा फोन भिजला नव्हता. आणि भिजलेल्या फोनलाही तांदळाचा उपयोग होत नाही. उलट तांदळाची पूड आत जाते.

फोन टेबलावर ठेवला तर तो डुगडुगत होता. मागचे झाकण वर आले होते. बॅटरी फुगली होती! अशा वेळी चार्जिंग ताबडतोब थांबवावे. बॅटरी दाबू नये, टोचू नये. ती पेट घेऊ शकते.

चिपळूणच्या बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने दुसरी बॅटरी लावून पाहिली. "ताई, बोर्ड शॉर्ट आहे. चार हजार लागतील, तरी गॅरंटी नाही." मी विचारले, "यातली मेमरी काढून दुसऱ्या फोनमध्ये नाही टाकता येत?" त्याने समजावले की आजकालच्या फोनमधली माहिती कुलूपबंद असते आणि त्या कुलपाची किल्ली त्याच बोर्डावर असते. बोर्ड जिवंत झाला तरच माहिती मिळणार.

रात्री शारजाहला भाईजानला फोन लावला. बोलता बोलता लक्षात आले, आम्ही दोन प्रश्न एकत्र करत होतो. फोन वाचवायचा की त्यातले सामान? फोनचा निर्णय सोपा होता. पाच वर्षांचा जुना, कंपनीचे सुरक्षा अपडेट बंद झालेले, नवा साधा फोन दहा हजारांत मिळणार. त्यावर चार हजार घालण्यात अर्थ नव्हता. सामानाचे काय, ते आधी शोधायला हवे होते.

अम्मीचे सिम माझ्या जुन्या फोनमध्ये घातले आणि तिचे गूगल खाते उघडले. नंबर मिळाले, फोटो बरेचसे मिळाले. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप मात्र नव्हता. गूगलची मोफत 15 जीबी जागा भरली होती. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही 2024 पासून त्याच जागेत मोजला जातो. जागा संपल्याची सूचना येत असणार. अम्मीला ती कळली नाही आणि आम्ही मुलांनी कधी पाहिली नाही.

मग भाईजानला सुचले: निरोप पाठवणाऱ्याकडे असतो, तसा घेणाऱ्याकडेही असतो. घरच्या ग्रुपवरचे अब्बांचे निरोप त्याच्या, माझ्या, फुफीच्या फोनमध्ये होतेच. दोन दिवसांत साठ-पासष्ट जमले. फक्त अम्मीला पाठवलेले निरोप मात्र आमच्याकडे कसे असणार? त्यांच्यासाठी बोर्डावर एकदा खर्च करायचे ठरवले. दुरुस्तीवाल्याने तीन दिवस खटपट केली. जमले नाही. मेहनतीचे पाचशेच घेतले.

नवा फोन आला. पहिला निरोप लावला तेव्हा अब्बा विचारत होते, "पाऊस लागला का गं गावाला?" अम्मीने तो दोनदा ऐकला. म्हणाली, "सगळे नाही, पण आवाज तर आहे."

जुना फोन आणि ती बॅटरी कचऱ्यात किंवा भंगारात टाकली नाही. 1 एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार जुन्या वस्तूंच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. कंपनीच्या सेवा केंद्रात विचारून आम्ही ते ई-कचऱ्यासाठी दिले.

भगिनींनो, आज संध्याकाळी घरातल्या वडीलधाऱ्यांचा फोन दहा मिनिटे हातात घ्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'चॅट्स' आणि मग 'चॅट बॅकअप' उघडा. शेवटची तारीख कधीची आहे ते बघा. गूगलची जागा भरली असेल तर नको असलेले व्हिडिओ काढा. खात्याचा पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा. आणि जो आवाज पुन्हा मिळणार नाही, तो एका पेन ड्राइव्हवरही उतरवून ठेवा. फोन दहा हजारांत पुन्हा येतो.